टर्ब्युलन्स बंद केला तर फ्यूजन सोपं होईल का?

तू विचारलंयस की टर्ब्युलन्समुळं, म्हणजे प्लाझ्मातल्या (अतितप्त, विद्युतभारित वायूतल्या) खळबळीमुळं, उष्णता बाहेर पळते, मग तो पूर्ण थांबवला तर टोकामॅक, म्हणजे चुंबकानं प्लाझ्मा कोंडणारं फ्यूजनचं यंत्र, लगेच चालेल ना. इस्लामपूरचा आहेस म्हणून गुऱ्हाळाचं सांगतो. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते आणि झाऱ्यानं काढता येते, तसा टोकामॅकचा झारा म्हणजे डायव्हर्टर, पण तो कडेला असतो, मळी कडेपर्यंत आली तरच निघणार.

ही मळी म्हणजे काय तर ड्युटेरियम-ट्रिटियम (हायड्रोजनचे जड प्रकार, हेच इंधन) जुळल्यावर होणारं हेलियम, शिवाय भिंतीवरून येणारा बोरॉन, कार्बन वगैरे. इलेक्ट्रॉनची घनता तेवढीच ठेवून 1 टक्का कार्बन शिरला तर त्याचे 6 इलेक्ट्रॉन इंधनाची 6 टक्के जागा खातात, आणि पॉवर घनतेच्या वर्गावर जाते म्हणून जवळजवळ 12 टक्के पॉवर गेली!

आता मुद्दा. कणांच्या नुसत्या टकरींवर सोडलं तर इंधनाची घनता मध्याकडं चढती असली की अशुद्धी आत ओढली जाते, तापमानाचा उतार तिला बाहेर ढकलतो खरा पण तो पुरेलच असं नाही. टंगस्टनसारख्या जड धातूला हा आत ओढणारा जोर फार जाणवतो, पण हलक्या अशुद्धींना बहुतेक करून टर्ब्युलन्सच हलवतो, आणि तो नुसता ढवळत नाही तर आत किंवा बाहेर ढकलतोही. मध्यभागी अशुद्धीचा सोर्स नसेल तर तिच्या घनतेचा उतार ठरतो तो ढकलणं आणि ढवळणं यांच्या गुणोत्तरावरनं, म्हणून नुसता डिफ्यूजनचा (ढवळण्याचा) आकडा बघून काही कळत नाही, हे माझे बीएस्सीचे विद्यार्थी पण नेहमी विसरतात.

जर्मनीत गार्चिंगला अ‍ॅस्डेक्स अपग्रेड या टोकामॅकवर न्यूट्रल बीमनं (वेगवान तटस्थ अणूंच्या झोतानं) तापवताना बोरॉन मध्यभागी कमी आणि बाहेर जास्त सापडला. बीममुळं प्लाझ्मा फिरतो, त्या फिरण्याचा उतार आणि आयनच्या तापमानाचा उतार दोन्ही बोरॉनला बाहेर रेटतात. मला हा निकाल फार आवडतो, जरी थिअरीत बोरॉनची ही मधली पोकळी प्रत्येक वेळी तेवढी खोल येत नसली तरी.

हेलियमचं मात्र वेगळं, ते मधेच तयार होतं, त्यामुळं ते बाहेर यायला लागणारा वेळ उष्णता टिकण्याच्या वेळेच्या साधारण 10 पटीच्या आत ठेवावा लागतो. टर्ब्युलन्स शून्य केलास तर उष्णता टिकेल, पण ही हेलियमची राखही आतच अडकेल.