मरणाची भीती वाटते, म्हणजे मी कमजोर मनाचा आहे का?

हा प्रश्न घेऊन दर महिन्याला माझ्याकडे समुपदेशनाला कोणी ना कोणी येतंच, आणि येणारे बहुतेक धडधाकट असतात. त्यातलेच नागपूरच्या धरमपेठेतले एक अकाउंटंट, पन्नाशीचे (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). जवळचा मित्र अचानक गेला, अंत्यविधी करून अंबाझरी घाटावरून घरी आले आणि तेव्हापासून रात्री उठून उठून बीपी मोजून राहिले. डॉक्टरांनी सगळं नॉर्मल सांगितलेलं.

काळजीखोर स्वभावाच्या माणसाला ही भीती जास्त वाटते हे अभ्यासांत बरेचदा दिसलंय, कमजोरीचा काही संबंध नाही. मानसशास्त्रज्ञ टेम्पलरची १९७० सालची १५ विधानांची चाचणी आहे, तिच्यातून भीती किती ते कळतं, पण मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या पठडीतला, मला भीतीमागचा "असंच झालं पाहिजे" हा हट्ट शोधायचा असतो.

"मरणात नेमकं काय खुपते?"

"घरच्यांचे हाल होतील सर. पॉलिसी कुठं, लॉकरची चावी कुठं, मिसेसले काहीच माहीत नाही."

"त्यांना विचारलं?"

गप्प.

पुढच्या वेळी दोघंही आले. वहिनी बसल्याबसल्या म्हणाल्या, "चावी देवघराच्या ड्रॉवरमध्ये, कुंकवाच्या डब्याखाली. फायली दिवाणात. बाप्पा, इतके वर्षं मीच तर आवरून राहिली!"

साहेब हसले, मग चेहरा पडला. "म्हणजे माझ्याशिवाय चालते."

इथे मी घाई केली नाही, आणि ते बरं झालं. शिस्तीच्या माणसाला बरेचदा मरणापेक्षा आपल्यावाचून काही अडणार नाही हेच जास्त लागतं. थोड्या वेळाने विचारलं, "चालावं म्हणूनच तर एवढं सगळं केलं ना तुम्ही?"

बराच वेळ वहिनींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, हे लिहून देता काय?" अकाउंटंट शेवटी!

बीपी अजून मोजतात, पण रविवारी सकाळी.

तुम्हालाही असं होत असेल तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग नेमकं काय खुपतं ते कागदावर लिहा. नॉमिनेशन, मृत्युपत्र राहिलं असेल तर करून टाका, माणसाची काळजी असेल तर त्या माणसाशीच बोला. "पाहू तेव्हाचं तेव्हा" म्हणणारे निडर असतातच असं नाही, कित्येक जण फक्त विषय टाळतात. मला खरी चिंता "मेलो तर सुटलो" म्हणणाऱ्याची वाटते, त्याला भीती नसते म्हणून घरचे निश्चिंत राहतात. घरात कोणी असं बोलत असेल तर वाट बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.