पिन खाली घ्या, ग्राइंडर बाजूला ठेवा

प्रश्न : जुन्या जीपचं बॉनेट, जाळी आणि दोन्ही मडगार्ड जोडून पुढे कलंडणारं एकच बॉनेट करून घेतलं. बिजागरीच्या पिना बंपरमागे चॅसीवर आहेत. उघडताना मडगार्डचे मागचे खालचे कोपरे दरवाजाच्या खांबाला घासतात, रंग निघालाय. वीतभर उचललं की मोकळं होतं. शिवाय खड्ड्यात गाडी गेली की इंजिनावरून टकटक येते. फॅब्रिकेटर म्हणतो, कोपरे घासून देतो. देऊ का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : नका देऊ. वीतभर उचललं की मोकळं होतं, असं तुम्ही लिहिलंत, त्यातच दुखणं सापडलं. बॉनेट पिनेभोवती गोल फिरतं. जो कोपरा पिनेच्या खाली असतो, तो वर येता येता आधी मागे सरकतो आणि पिनेच्या उंचीला आला की मग पुढे वळतो. समजा कोपरा पिनेपासून ४ फूट मागे आणि ६ इंच खाली आहे. तो जवळजवळ साडेनऊ मिलिमीटर मागे जाणार. तुमची गॅप ५ मिलिमीटर असेल तर घासणारच. तीच पिन ४ इंच खाली घेतली तर सरकणं जेमतेम १ मिलिमीटर उरतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझी शेड आहे. तिथं सुरुवातीच्या काळात मीही एका जीपचे कोपरे असेच घासून दिले होते. अंगठा जाईल एवढी फट पडली आणि पावसाळ्यात चिखल थेट पायात येऊ लागला. मालक काही बोलले नाहीत, पण ते मडगार्ड मी पुन्हा स्वखर्चाने बनवून दिलं.

चादरीच्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घ्या. बॉनेटची बाजू खऱ्या मापात कापा, पिनेच्या जागी खिळा ठोका, मागे खांब आणि पुढे बंपर आखून पुठ्ठा फिरवून बघा. पिन खाली घेतली की जाळी उघडताना जास्त पुढे येते, म्हणून बंपर अडतो का ते इथेच कळेल. अडत असेल आणि पिन खाली जाणारच नसेल, तर मडगार्डचा तो खालचा तुकडा वेगळा कापून बॉडीलाच ठेवा. बिजागरीच्या पट्टीला लांबट भोकं ठेवा, आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा. पन्नास वेळा उघडझाप झाल्याशिवाय पक्कं वेल्डिंग नको.

टकटक बहुतेक एअर क्लीनरची, म्हणजे इंजिनावरचा हवा गाळणारा डबा बॉनेटला आतून आपटत असणार. इंजिन फाउंडेशनच्या रबरावर हलतं, बॉनेट चॅसीवर टेकलेलं असतं, दोघांची चाल वेगळी. एअर क्लीनरवर कणकेचा गोळा ठेवून बॉनेट लावा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. ज्वारीचं पीठ नको, त्याला भेगा पडतात. इंचभर तरी जागा हवी. तेवढी नसेल तर आधी फाउंडेशनची रबरं तपासा.

बॅटरीवरही असाच गोळा ठेवा. पॉझिटिव्ह टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला टेकलं तर ठिणगी उडून वायरिंग पेटतं. पुठ्ठ्याचं काम रविवारी करा, पण टर्मिनलवर रबरी टोपी आजच बसवा.