चौथीच्या वर्गातली ‘ती लाइन’

बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा चौथीत, शाळा महागडी. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडतो, व्हॅन यायच्या वेळेला उलटी होते, डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे. ताईंना वाटतं संगत वाईट लागली, कारण तो आपली जागा सोडून ‘आरटीईच्या लाइनीत’, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत प्रवेश मिळालेल्या मुलांच्या रांगेत, एका मित्राजवळ जाऊन बसतो, टीचर रागावून परत आणतात, ताईंनीपण ती दोस्ती बंद कर म्हणून दम दिलाय. आता विचारतात, त्याचं मन कशात रमवू, क्रिकेट कोचिंग लावू की काउन्सेलरला दाखवू?

ताई, क्रिकेट राहू द्या. आरटीईची लाइन म्हणजे काय हो? तुम्ही असं सहज लिहून गेलात, जसं वर्गात फळा असतो, पंखा असतो तशी ती लाइनपण असतेच.

आणि खाली कंसात तुम्हीच लिहिलंय की दरवाज्याजवळच्या त्या लाइनीतून फळा नीट दिसत नाही म्हणून हा मित्राला फळ्यावरचं वाचून दाखवतो. ही वाईट संगत? मला तर त्या पोराला जवळ घ्यावंसं वाटलं. एवढ्याशा पोराला जे खटकलं ते एकाही मोठ्या माणसाला खटकत नाही, वरून टीचर ओरडतात, घरी आलं की आई ओरडते, मग त्यानं सांगायचं कोणाला? पोट खरंच दुखतंय त्याचं, नाटक नाहीये ते. आणि जो पहिलीपासून त्या लाइनीत बसलाय, त्याचं काय दुखतं हे कोणी विचारलंय?

तुम्ही लिहिता ती मुलं फुकटात शिकतात. अहो, शाळेचे उपकार नाहीत ते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं पहिलीच्या निदान 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्याच लागतात, त्याची भरपाई सरकार शाळेला देतं, आणि केंद्राच्या 2010 च्या नियमांत साफ लिहिलंय की या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, पुस्तकं, युनिफॉर्म, लायब्ररी, खेळ कशातच भेद करायचा नाही. मुलांच्या मानसिक छळाला तर कायद्यातच बंदी आहे, कलम 17. आणि हे सगळं बडोद्यात चाललंय! सयाजीरावांनी 1893 ला अमरेलीत सुरुवात करून 1906 मध्ये सगळ्या बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आपल्यातल्या कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबा त्याच फुकटच्या शाळेत शिकले.

तेव्हा आज रात्री मुलाला जवळ बसवून सांगा, तू बरोबर होतास, मम्मीचं चुकलं. आणि सोमवारी नवऱ्याला घेऊन प्रिन्सिपलकडे जा. फोन नाही, ग्रुपवर मेसेज नाही, लेखी अर्ज, की ही लाइन मोडा आणि सगळ्या मुलांना आळीपाळीनं पुढे-मागे बसवा. कॉपीवर शिक्का मारून घ्या. मित्राचं नाव त्यात घालू नका, त्यालाच त्रास व्हायचा. तुमच्या मुलाकडे जास्त लक्ष देतो म्हणाले तर तेवढ्यावर उठू नका. पूर्ण फी भरणाऱ्या आईचं शाळा ऐकते हे तुम्हालाही माहितीये, ते वजन इथे वापरा. टाळाटाळ केली तर तोच अर्ज शिक्षणाधिकारी कचेरीत द्या.

काउन्सेलरला खुशाल दाखवा, पण अर्ज आधी.