स्वस्त गाडी शोधणे म्हणजे लॉजिस्टिक्स नव्हे

पावस परिसरातील एका आंबा बागायतदारांचे पत्र आले आहे. मुलगी ६१ टक्क्यांनी बी.कॉम. झाली. कंपन्या मालवाहतुकीचे साधन कसे निवडतात, यावर तिने प्रकल्प केला आणि आता तिला लॉजिस्टिक्समध्ये एमबीए करायचे आहे. घरच्यांनी मात्र सीए ठरवले आहे. ‘ट्रकवाल्यांना दर विचारून स्वस्त गाडी ठरवायला शिक्षण कशाला?’ असा वडिलांचा प्रश्न असून, मुलीची समजूत घालावी अशी विनंती आहे.

महोदय, गुणांची मला चिंता वाटली नाही. ‘घरात दोन महिने अबोला आहे’ हे वाक्य आपण सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सीएच्या नोंदणीचे शुल्कही आपण तिला न विचारता भरणार आहात. सीए हा उत्तम व्यवसाय आहे, परंतु ज्या अभ्यासाला वर्षानुवर्षे एकचित्ताने बसावे लागते, तिथे मनाविरुद्ध बसवलेल्या मुलांची उमेदीची वर्षे वाया जाताना मी पाहिली आहेत. म्हणून तिची समजूत मी घालणार नाही. हे उत्तर आपल्यासाठी आहे.

जे साधन स्वस्त तेच कंपनी निवडते, हा आपला समज चुकीचा आहे, आणि तो आपल्याच मालावरून तपासता येईल. अमेरिकेने २००७ मध्ये भारतीय आंब्याला पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून विकिरण (किडींविरुद्ध किरणांची प्रक्रिया) केलेला हापूस तिकडे मुख्यतः विमानाने जातो. भाडे जबर असले तरी जहाजाच्या लांबच्या प्रवासात फळ पिकून जाण्याचा धोका त्याहून महाग पडतो. गोठवलेली कोळंबी मात्र उणे १८ अंशांच्या कंटेनरमधून निर्धास्तपणे समुद्रमार्गे जाते. वाटेत अडकलेले भांडवल, नासधूस, उशिरामुळे हुकलेला बाजार हे सारे भाड्यात मिळवल्यावरच खरा खर्च कळतो. बहुराष्ट्रीय कंपन्यांत हा हिशेब बहुधा वार्षिक निविदेतून, मार्गागणिक होतो. वेळापत्रकाची खात्री आणि कार्बन उत्सर्जनही त्यात मोजले जाते, आणि स्थानिक कारखान्याच्या व्यवस्थापकाला ठरलेला वाहतूकदार सहसा बदलता येत नाही. आपल्याकडच्या मध्यम कंपनीत निर्णय मालकाचा असतो; वाहतूकदाराने दिलेली उधारी आणि जुना विश्वास तिथे वजनदार ठरतात. लांब पल्ल्याला रेल्वे स्वस्त असूनही अशी कंपनी ट्रकच घेते, कारण पुरेसा माल एकदम जमत नाही आणि दोन्ही टोकांना चढउतार करावी लागते. ही अडचण ओळखूनच कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक वाघिणींवरून नेणारी रो-रो सेवा सुरू केली. शिवाय एकदा केलेली निवड कायम टिकत नाही. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि युरोपची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा कोणता माल जहाजावर ठेवायचा आणि कोणता विमानाने काढायचा, हे अशाच शिकलेल्या माणसांना ठरवावे लागले.

प्रवेशासाठी राज्याची एमबीए सीईटी आणि देशपातळीवरची कॅट या परीक्षा आहेत. पवईची ‘नीटी’ ही व्यवस्थापन संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, तिथे कॅट लागते.

तिचा प्रकल्प आपण वाचल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. आज तो मागून घ्या. वाशीला पेट्या पाठवताना पूर्ण गाडी भरेपर्यंत थांबायचे की अर्धीच सोडायची, हा निर्णय आपण दर हंगामात घेता. यंदा तो तिला घेऊ द्या आणि तिचा हिशेब ऐका. सीएच्या नोंदणीचे शुल्क मात्र तिने स्वतः होकार दिल्याशिवाय भरू नका.