गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल घट्ट बसत नाही. फटीत खिळा ठोकून चालेल का, की बॅटरीच बदलावी? नवा क्लॅम्प घ्यायचा तर कोणता?

खिळा ठोकू नका. बॅटरीही बदलू नका, निदान मीटर लावून बघेपर्यंत तरी. तुम्ही लिहिलंय की सकाळी सेल मारला की नुसता टक आवाज येतो, बोनेट उघडून निगेटिव्हचं टर्मिनल हाताने दाबलं की गाडी लगेच उचलते, आणि गॅरेजवाला नवी बॅटरी सांगतोय. अहो, हाताने दाबून गाडी उचलते म्हणजे बॅटरीत करंट आहे, तो फक्त पुढे जात नाहीये. इतकं उघड असताना लोकांच्या गळ्यात बॅटरी मारली जाते याचा मला मनापासून राग येतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

पावसाळ्यात एक पेट्रोल सेडान कामाला आली होती. तक्रार अगदी तुमचीच, आणि आठ महिन्यांत दुसरी नवी बॅटरी बसवून झालेली. निगेटिव्ह पोल (बॅटरीतून वर आलेला शिशाचा खुंट) आणि क्लॅम्प (त्यावर आवळायची वायरची पकड) यांच्या फटीत खिळ्याचा तुकडा ठोकून वरचं टोक वाकवलं होतं. खिळा गंजलेला, आणि त्याच्या कडेने पांढरी-हिरवट पूड साचलेली. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला, एक टोक थेट शिशाच्या पोलच्या माथ्यावर, दुसरं क्लॅम्पच्या धातूवर, आणि सेल मारायला सांगितला. आकडा आला २.४ व्होल्ट. चांगल्या सांध्यात तो ०.१ च्या आत असतो. बॅटरी मात्र गाडी उभी असताना व्यवस्थित १२.५ दाखवत होती.

इथेच सगळे फसतात. हेडलाइट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, मग टर्मिनल ठीकच असणार असं वाटतं. पण सांध्यात ०.०२ ओहमचा अडथळा असेल तर हेडलाइटच्या १० अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट पडतात, डोळ्याला कळतही नाही. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर, १२० अँपिअर ओढतो तेव्हा त्याच जागी २.४ व्होल्ट पडतात आणि सेल्फ नुसता टक करतो. दहा सेकंद सेल मारून क्लॅम्पला हात लावा, तो गरम लागला तर हाच आजार.

आता खिळा का नको ते सांगतो. पोल गोल आहे, खिळा टेकतो एकाच रेषेवर. शिसं मऊ, ते दबतं, पोलला खाच पडते, आणि नंतर नवा क्लॅम्प आणला तरी तो त्या लंबुळक्या पोलवर नीट बसत नाही. लोखंड, शिसं आणि आम्लाची वाफ एकत्र आली की गंज आलाच. नाण्याची पाचर, वायरचा वेढा, डब्याचा पत्रा, सगळ्यांची हीच गत.

त्या गाडीतलं मूळ कारण बॅटरीच्या स्टिकरवर छापलेलं होतं. गाडीला हवी होती ४६बी२४एलएस या कोडची बॅटरी, बसवली होती ४६बी२४एल, दोन्ही वेळा. डबा तेवढाच, पण शेवटचा ‘एस’ नसला की पोल बारीक. जाड पोल तळाशी पॉझिटिव्हला १९.५ मिमी आणि निगेटिव्हला १७.९, बारीक पोल १४.७ आणि १३. पाच मिलिमीटरची फट कुठल्याही नटाने भरत नाही. क्लॅम्पचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकतात तरी तो पोलवर फिरतो. अशा वेळी शिशाचा बुश मिळतो, टोपीसारखा पोलवर बसतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचे माप वेगळे असतात, जोडी घ्यायची. खाच पडलेला पोल आधी कानशीने हलक्या हाताने गोल करून घेतला, बुश बसवला, आणि तोच सांधा ०.०६ वर आला. बॅटरी तीच.

तुमच्या गाडीत मात्र बहुतेक याहून साधी गोष्ट असेल. पोल तळाशी जाड, वर निमुळता असतो. क्लॅम्प अर्ध्यावर असतानाच नट आवळला की तो हळूहळू वर सरकतो. दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह सोडवा, मग पॉझिटिव्ह. उलट केलंत आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. अंगठी, स्टीलचं घड्याळ काढून ठेवा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने पूड धुवा, बॅटरीची झाकणं घट्ट बंद ठेवून. फेस थांबला की पाण्याने धुऊन कोरडं पुसा. पॉलिश पेपरने पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा. क्लॅम्पचे ओठ स्क्रू ड्रायव्हरने थोडे फाकवा, हाताने तळापर्यंत दाबा, मगच आवळा. हातोडी नको, पोल आतून निखळतो. नटाची आटी सहा मिलिमीटरची, आवळायला पाच-सहा न्यूटन-मीटरचा जोर पुष्कळ. हाताने फिरवून क्लॅम्प हलला नाही की थांबा. व्हॅसलीन सगळ्यात शेवटी आणि वरून. बसवताना पॉझिटिव्ह आधी.

ओठ टेकूनही ढिला राहिला आणि पोल योग्य मापाचा असेल तर क्लॅम्प ताणला गेलाय, तो बदला. दोन स्क्रूखाली वायर दाबायचा सार्वत्रिक टर्मिनल मला पटत नाही; वायरच्या तारा तुटतात, आत आम्ल शिरतं. वायरला क्रिम्प केलेला (दाबून बसवलेला) लग, म्हणजे भोकाचं धातूचं टोक, लावून बोल्टने जोडायचा क्लॅम्प घ्या, जाड पितळेचा. बॅटरी जागेवर धरणारी पट्टीही आवळा, ती ढिली असेल तर खड्ड्यांत सगळं पुन्हा हलणार.

आणि गाडी चालू ठेवून टर्मिनल काढून ‘डायनामो बघू’ म्हणणाऱ्याला बोनेटला हात लावू देऊ नका. कितीही जुना मिस्त्री असो. बॅटरी सुटली की डायनामोचा, म्हणजे अल्टरनेटरचा, व्होल्टेज क्षणात उसळतो आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. बॅटरीला मीटर लावा: इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट आलं की डायनामो ठीक. ढिल्या टर्मिनलवर गाडी चालवणं यासाठीही वाईट.

दोन गोष्टी राहिल्या. बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह क्लॅम्पवरच करंटचा सेन्सर असतो. तो ओढू-पिळू नका, त्याला सार्वत्रिक क्लॅम्पही चालत नाही. आणि पोलच बॅटरीच्या झाकणात हलत असेल, बुडाशी ओल दिसत असेल, तर मात्र गॅरेजवाला बरोबर आहे, बॅटरी बदला. वॉरंटीचं कार्ड आधी काढून बघा.