‘संशयित आरोपी’ चूक, ‘आरोपी’ बरोबर

प्रश्न असा आहे: बातम्यांत ‘संशयित आरोपी’ असे लिहितात, ते बरोबर का? आणि ‘आरोपी’ म्हणजे खरे तर आरोप करणारा, म्हणून ‘आरोपित’ म्हणावे, असे काही जाणकार सांगतात, ते मानावे का?

‘संशयित आरोपी’ चूक. या दोन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, त्यांची मोळी बांधू नये. गुन्ह्याच्या तपासात ज्याच्याविषयी शंका आहे पण ज्याच्यावर अजून ठपका ठेवलेला नाही, तो संशयित. प्रथम खबरीत, म्हणजे एफआयआरमध्ये, नाव आले की तो आरोपी. तिथे ‘आरोपी’ म्हणायला घाबरण्याचे कारण नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती होऊ नये हे संविधानाच्या अनुच्छेद 20(3) चे संरक्षण आरोप असलेल्या व्यक्तीलाच मिळते, आणि प्रथम खबरीत नाव आलेल्याला ते मिळते असे सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच एम. पी. शर्मा खटल्यात म्हटले आहे. म्हणजे ‘आरोपी’ म्हटल्याने माणसाची बेअब्रू होत नाही, उलट त्याचा एक हक्क जागा होतो. बेअब्रू होते ती ‘आरोपीने खून केला’ या वाक्याने. तिथे ‘केल्याचा आरोप आहे’ एवढे तीन शब्द लिहायचा कंटाळा केलेला असतो, आणि मग पापक्षालन म्हणून ‘आरोपी’च्या आधी ‘संशयित’ चिकटवतात. विशेषण लावून क्रियापद सुधारत नाही.

हा जोडशब्द बहुधा प्रथम खबरीच्या छापील नमुन्यातून उचललेला असावा. त्यात माहीत असलेले, संशयित किंवा अनोळखी अशा आरोपींच्या तपशिलाचा रकाना असतो. पण तिथे ते तीन पर्याय आहेत. ओळख पटलेल्या, नावागावासकट अटक झालेल्या माणसाला ‘संशयित’ हा पर्याय लागूच होत नाही.

आता ‘आरोपित’वाले. त्यांचे म्हणणे असे की द्वेषी म्हणजे द्वेष करणारा, म्हणून आरोपी म्हणजे आरोप करणारा. हे अर्धवट व्याकरण आहे. रोगी रोग करतो का? दोषी, दंडी, धनी यांचे काय करायचे? अकारान्त नामाला ‘ते ज्याच्यापाशी आहे तो’ या अर्थाने इन् प्रत्यय लागतो. पाणिनीचे ‘अत इनिठनौ’ हे सूत्र त्यासाठीच आहे. ज्याच्या नावे आरोप आहे तो आरोपी. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. उलट ‘आरोपित’ हे विशेषण नीट पाहिले तर ते माणसाला नव्हे, त्याच्यावर ठेवलेल्या कृत्याला शोभते: आरोपित गुन्हा, आरोपित कृत्य. शुद्धीच्या नावाखाली हे लोक नेमका उलटा शब्द सुचवत आहेत.

खरी गंमत धातूत आहे. मूळ रुह्, म्हणजे चढणे, उगवणे. त्याचे प्रयोजक रूप करताना ह् चा प् विकल्पाने होतो, आणि त्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिले आहे: ‘रुहः पोऽन्यतरस्याम्’. म्हणून रोहयति आणि रोपयति ही दोन्ही रूपे चालतात. गाण्यातला आरोह आणि न्यायालयातला आरोप हे एकाच धातूचे. आरोहात स्वर आपण होऊन चढतात, आरोपात काहीतरी दुसऱ्यावर चढवले जाते. धनुष्याला दोरी चढवणे हेही आरोपणच. शेतातले रोप त्याच घरातले. आणि पोलीस ‘कलम लावतात’ तेव्हा मराठीने नकळत पुन्हा बागाईतच केलेली असते, कारण कायद्याचे कलम आणि आंब्याचे कलम दोन्ही अरबी ‘कलम’वरून आले, तो ग्रीक ‘कालामोस’वरून, म्हणजे बोरू.

यापुढची जोडी मला सर्वांत मोलाची वाटते. वेदान्तात दोरीवर सापाची कल्पना लादणे याला अध्यारोप म्हणतात, आणि ती कल्पना काढून टाकण्याला अपवाद. आधी आरोप, मग अपवाद. आता जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता उघडा. तिसरे प्रकरण सर्वसाधारण अपवादांचे, कलमे 14 ते 44. आरोप ठेवायचा, मग तो या अपवादांत बसतो का ते पाहायचे: सात वर्षांखालचे मूल (कलम 20), कृत्याचे स्वरूप किंवा ते गैर अथवा बेकायदा आहे हे कळू न देणारी मनोविकलता (कलम 22), खासगी संरक्षणाचा हक्क (कलमे 34 ते 44). ही जुळणी मात्र सुंदर योगायोगच मानावी, कारण कायद्यातला ‘अपवाद’ संस्कृत व्याकरणातल्या अर्थाचा आहे: उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम आणि अपवाद म्हणजे त्यातून वगळणारा खास नियम. ‘लोकापवाद’ही आठवावा. तिथे अपवाद म्हणजे निंदा, जवळजवळ आरोपच. इतके अर्थ हाताशी असताना कायद्याने व्याकरणातला घेतला.

अपवादांतही दोन जाती आहेत, आणि इथे बातमीदार सर्रास घसरतात. सर्वसाधारण अपवाद लागू झाला की गुन्हाच उरत नाही. कलम 101 मधले खुनाचे पाच अपवाद मात्र फक्त पायरी उतरवतात: खून नाही, पण सदोष मनुष्यवध आहेच. कलम 103 खाली खुनाला फाशी किंवा जन्मठेप. कलम 105 खाली सदोष मनुष्यवध हेतुपूर्वक असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे, नुसती जाणीव असेल तर दहा वर्षांपर्यंत. म्हणून ‘स्वसंरक्षणार्थ खून’ हा प्रयोग स्वतःचेच खंडन करतो. संरक्षण मर्यादेत असेल तर तो गुन्हाच नाही. सद्भावनेने मर्यादा ओलांडली तर सदोष मनुष्यवध.

गंभीर आणि अचानक प्रक्षोभ हा त्या पाचांतला सर्वांत गाजलेला, नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या त्या खटल्यामुळे. त्यातला ‘अचानक’ हा शब्द वाचणारे विसरतात. नानावटी दुपारी दीडला घरातून निघाले, गोळीबार झाला 4 वाजून 20 मिनिटांनी. मधल्या सुमारे तीन तासांत भानावर यायला पुरेसा वेळ होता, असे 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि जन्मठेप कायम ठेवली. प्रक्षोभ कितीही गंभीर असला तरी मध्ये पिस्तूल आणायला जाण्याइतकी फुरसत मिळाली की अपवाद हातचा जातो.

आणखी एक: अपवाद सिद्ध करण्याचा भार भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 108 नुसार आरोपीवर असतो. पण सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते, आरोपीला तसे नाही. त्याची बाजू अधिक संभाव्य दिसली तरी पुरते. ‘आरोपीला आपले निर्दोषत्व सिद्ध करता आले नाही’ हे वाक्य म्हणूनच कायद्याने चूक आहे. सर्वसाधारणपणे त्याला निर्दोषत्व सिद्ध करायचे नसते. त्याला, हवा असेल तर, अपवाद दाखवायचा असतो.