दुसरं पाकीट कोण मागतंय ते आधी बघा

दादा नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. निलंगा तालुक्यात पाच एकर कोरडवाहू, पोरगी पुण्यात एमबीए करून दीड वर्ष नोकरी केली आणि आता ती सोडून घरी आलीय, आपल्याच तुरीची डाळ पाकिटात घालून पुण्या-मुंबईला विकायची म्हणायलीय, नावात बोरसुरी हे डाळीसाठी ओळखलं जाणारं गाव घ्यायचंय, आणि एका एजन्सीने लोगो, पाकीट, वेबसाइट सगळं मिळून अडीच लाख सांगितलेत. तुम्ही विचारलंय की पैसे द्यावेत का तिला बँकेच्या परीक्षेला बसवावं.

आधी हे सांगतो की पोरीची कल्पना चांगली आहे. लातूरची तूरडाळ म्हणलं की बाहेरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, हे तिला पुण्यात राहून दिसलंय आणि ते खरंय. पण अडीच लाख आत्ता देऊ नका, एक रुपया पण नाही.

तिने हिशोब जोडलाय त्यात 80 रुपये किलोची तूर आणि 180 ला डाळ, म्हणजे किलोला 100 नफा असं धरलंय. इथंच चुकतंय बघा. 80 चा भाव बरोबर धरलाय, 2025-26 चा हमीभावच 8000 रुपये क्विंटल आहे, आणि घरची तूर असली तरी ती फुकट धरायची नाही हेही तिला कळलंय, त्याचं कौतुक वाटलं. पण उतारा कुठाय? 100 किलो तुरीतनं साधारण 70 किलो डाळ निघते, बाकी चुनी, भुसा. म्हणजे डाळच 114 ला पडली. त्यावर मिलची भरडाई, पाऊच, स्टिकर, हमाली, पुण्याला पाठवायचा खर्च, चुनी विकून थोडं परत येईल ते वजा केलं तरी 150 च्या आसपास जातं. राहिले 30 रुपये. आता एजन्सीचे अडीच लाख 30 रुपयांनी भागा, सव्वाआठ हजार किलोच्या वर डाळ विकावी लागते नुसते ते पैसे फिटायला, त्याला जवळपास 120 क्विंटल तूर लागते, आणि तुमच्या पाच एकर कोरडवाहूत तेवढी होत नाही हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. हा हिशोब तिच्यासोबत बसून करा, तुमच्या मिलचे दर घाला. रागावून नका करू, पोरगी हुशार आहे, तिला लगेच दिसेल.

नावाचं. बोरसुरीच्या तूरडाळीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्याच जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्ती कोथिंबिरीला पण. पण जीआय एका माणसाच्या मालकीचं नसतं, ते त्या भागातल्या उत्पादकांचं असतं, तुमचं शेत ठरवलेल्या भागात बसत असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून ते नाव लावता येतं, नसेल तर लावायचं नाही, शेजारचा तालुका असला तरी नाही. आणि गावाचं नाव असं एकट्याच्या ट्रेडमार्कमध्ये अडकवून ठेवता पण येत नाही सहसा. तेव्हा ब्रँडचं नाव स्वतःचं ठेवा, आजीचं ठेवा, शेताला तुम्ही जे नाव घेता ते ठेवा. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर ते नाव कुणी घेतलंय का ते फुकट बघता येतं, अर्जाची सरकारी फी एकट्या माणसाला ऑनलाइन 4500 रुपये आहे, नोंदणी 10 वर्षांची. अर्ज केला की टीएम लिहिता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच, आधी छापला तर गुन्हा धरतात. या 4500 ला मी नाही म्हणणार नाही, हा खर्च लवकर करा.

पाकीट साधंच घ्या, वर स्टिकर. माझ्याकडं मागं हळदीचं काम करणारा एक मुलगा यायचा, त्याने पहिल्याच झटक्यात दहा हजार छापील पाऊच करून घेतले, दिसायला लई भारी, आणि नंतर कळलं की त्यावर पॅकिंगचा महिना-वर्ष लिहायला जागाच ठेवली नव्हती. सगळे पाऊच घरात पडून राहिले, त्याच्या आईचं तोंड अजून आठवतं मला. स्टिकरवर डाळीचं नाव, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, तुमचा पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 अंकी नंबर पाहिजेच, घरगुती धंदा असला तरी.

आता पोरीला जे खरं शिकायचंय ते. लातूर पॅटर्न हे नाव कुणी एजन्सीकडनं करून घेतलं होतं का? आधी बारावीच्या मेरिट लिस्टमध्ये इथली पोरं वर्षानुवर्षं दिसली, मग बाहेरच्या जिल्ह्यातले आईबाप पोरांना घेऊन इथं खोल्या शोधत फिरायला लागले, आणि नाव पडलं. निकाल आधी. डाळीत निकाल म्हणजे काय तर ती लवकर शिजते का, चव दर वेळी तीच लागते का आणि पावसाळ्यात कीड लागत नाही ना. म्हणून वाळवणीत घाई करू नका. आणि एक गोष्ट तिला माझ्या शब्दात सांगा, घरची डाळ संपली आणि ऑर्डर आली तर मोंढ्यातली डाळ आपल्या पाकिटात भरायची नाही. संपली म्हणून सांगायचं. हा मोह पहिल्याच वर्षी होतो, चार हजाराचा धंदा हातातनं जाताना दिसतो ना, आणि गिऱ्हाइकाला पहिल्या वरणातच फरक कळतो, ते काही बोलत नाही, फक्त परत मागत नाही.

तर यंदा दोनच क्विंटल तूर भरडा. 140 किलो डाळ होईल. पुण्यातल्या तिच्या ऑफिसच्या मैत्रिणी, आपल्याकडचे तिकडं गेलेले लोक, अशी 70 घरं धरा, प्रत्येकी 2 किलो, पैसे घेऊनच, फुकट सॅम्पल नाही. एकेक किलो कुरिअर करू नका, ते परवडत नाही, लातूर-पुणे ट्रॅव्हल्सला एकत्र पोतं टाका आणि तिने स्वतः जाऊन वाटावं, घरात बसून बोलावं. मग दीड-दोन महिने गप्प बसायचं. स्वतःहून किती जणांनी फोन केला ते वहीत लिहायचं. 70 पैकी 30-35 घरांनी दुसरं पाकीट मागितलं तर माझ्या मते ब्रँड सुरू झाला, मग लोगो, कर्जाची योजना, नव्या धंद्यांना मदत करणारं संभाजीनगरचं मॅजिक इनक्युबेशन सेंटर, सगळ्याचं बोलू. दहा-बारानीच मागितलं तर त्या बाकीच्यांना का नको ते विचारून घ्यायचं, आणि तोवर तिने लातूरला एखादी सेल्सची नोकरी धरायला हरकत नाही, त्यात हेच शिकायला मिळतं.

बँकेची परीक्षा तिच्या मनात नसेल तर बसवू नका दादा, नुसती दोन वर्षं जातील आणि घरात अबोला राहील.

तूर काढून झाली की पहिल्या स्टिकरचा फोटो छापायच्या आधी मला पाठवा, मी बघून देतो. आणि फोन तिलाच करायला सांगा, तुम्ही नका करू.